बारा हजार आठशे

चन्नवीर म्हणाला, रात्री घेऊन जा, सकाळी सांग.
जुनी बॉडी. पकडीचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं.
सतरा तारखेला लग्न आहे, हॉल अक्कलकोट रोडचा,
जिथला मालक झुंबरं टांगतो
आणि दिवे मोजून लावतो.

घरी आधी झाकण लावूनच फोटो काढला.
कशाचाच नाही.
पडद्यावर मोठा केला, शंभर टक्के,
तर काळ्यात ज्वारी सांडलेली,
तांबडी, हिरवी, जांभळी.
आणि उजवीकडं खाली एक लाल ठिपका.
दुसऱ्या फोटोतही तिथंच. तिसऱ्यातही.
दाणे जागा बदलतात, ठिपका बदलत नाही.
ठिपक्याचे पाचशे कमी करायला सांगायचे,
हे डोक्यात ठेवलं.

मग नीलमनगर. नरसय्याची रात्रपाळी.
चार माग, दोन ट्यूब,
त्यातली लुकलुकणारी बंद करायला लावली.
फरशी मागांबरोबर थरथरते,
म्हणून तिपाईच्या पायांखाली
सेकंडचे टॉवेल घातले, घडीवर घडी.
नरसय्याला म्हटलं, खांबाला टेकून उभा राहा,
तोंड अर्धं उजेडात, अर्धं नको.

आठशे. सोळाशे. बत्तीसशे.
चौसष्टशे.
बारा हजार आठशे.
दर पायरीला उजेड तेवढाच,
फक्त हाव दुप्पट.

'काय बघूलालास रं एवढं?'
नॉइज, म्हटलं.
'काय?'
नॉइज! ओरडलो.
त्यानं मागांकडं बघितलं, मग माझ्याकडं.
बावीस वर्षं झाली त्याला या खडखडाटात,
डावा कान तर केव्हाच गेला.
'बंद करू का?'
नको, तो नाही.

बारा हजार आठशेला
त्याच्या गळ्याखालची सावली रवाळ झाली होती,
पीठ मळताना पाणी कमी पडावं तशी.
भुवईवर पांढरे कण. मिशीवर. पापणीच्या टोकाला.
यातले सेन्सरचे किती
आणि कापसाचे किती?

लागोपाठ दोन फोटो काढले, एकावर एक ठेवून पाहिले.
जे हललं ते कॅमेऱ्याचं,
जे राहिलं ते नरसय्याचं.
हिशेब सरळ होता.
पण कापूस हवेतही होता,
ट्यूबच्या खाली सावकाश उतरत,
आणि तोही हलतच होता.
इथं माझी परीक्षा फसली.

सॉफ्टवेअरची पट्टी उजवीकडं सरकवली.
कण गेले. मिशीवरचा कापूस गेला.
भुवईही थोडी गेली.
गालावरची देवीची खूण पुसट झाली.
साबणाच्या नव्या वडीसारखा नरसय्या,
डिजिटल बोर्डावर वाढदिवसाला छापतात तसा.
लॅपटॉप वळवून त्याला दाखवला.
त्यानं हात पँटला पुसले, बोट न लावता
बराच वेळ वाकून बघितलं.
म्हणाला,
'ह्यो कामाला आलाच न्हाई वाटतं आज.'

तेवढ्यात तिसऱ्या मागावर धागा तुटला.
तो गेला, न बघताच टोक सापडलं त्याला,
दोन बोटांत पीळ, गाठ, माग सुरू.
मी ते बारा हजार आठशेलाच टिपलं.
बोटं दाणेदार आली.
पट्टीला हात लावला नाही.

पहाटे तिथूनच चन्नवीरला फोन केला.
बत्तीसशेपर्यंत स्वच्छ आहे, म्हटलं.
चौसष्टशे छापायला चालेल,
बारा इंची अल्बमात नवरीच्या मामालाही कळणार नाही.
आणि बारा हजार आठशे...
'काय?' तो म्हणाला. 'ऐकू येईना, बाहेर ये.'

बाहेर आलो.
रस्त्यावर कुणीतरी शटर वर सारत होतं.
लेन्सवर फुंकर मारली, शर्ट झटकला, थोडा कापूस निघाला.
काही नाही, म्हटलं.
घेतो.
पण लाल ठिपक्याचे पाचशे कमी कर.